हुर्राकाच्या मुलखात घरची बीअर

घरी केलेली बीअर दुकानातल्या क्राफ्ट बीअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांच्या बीअरच्या, तोडीस तोड होते का, हे मला वरचेवर विचारलं जातं. विचारणाऱ्याला हो किंवा नाही यांपैकी एक हवं असतं आणि माझं उत्तर मात्र लांबत जातं. कुठली बीअर, हे आधी ठरवायला हवं. ती कुठे आणि कधी प्यायची आहे, हेही. पुण्यातल्या डिसेंबरात एक उत्तर येईल, गोव्यात, डिचोलीतल्या एप्रिलात दुसरं. गव्हाच्या बीअरबद्दल मी छातीठोकपणे हो म्हणेन, हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांच्या वासाच्या आयपीएबद्दल (इंडिया पेल एल) जरा थांबेन, थंडीत आंबवाव्या लागणाऱ्या लागरबद्दल सरळ नाही म्हणेन. गोव्याच्या उकाड्यात बीअर करून आणि इथल्याच दुकानांतली विकत घेऊन माझं एक मत पक्कं झालं आहे: कंपनीच्या बीअरला टिकावं लागतं, घरच्या बीअरला टिकावं लागत नाही. दोघींमधले बाकीचे बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

गोव्यात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागू नये. काजूचा हंगाम आला की डिचोली-सत्तरीत वाऱ्यावर बोंडूंचा वास असतो. बोंडू तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबतो, मग भट्टीवर चढतो आणि एकदा गाळून जे उतरतं ते हुर्राक. अल्कोहोल साधारण 15 टक्क्यांच्या आसपास. तेच पुन्हा गाळलं की फेणी, चाळिशीच्या वरची. फेणी बाटलीत वर्षानुवर्षं राहते, विमानात बसून परदेशी जाते, काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुर्राक मात्र मार्च ते मे एवढंच. पाऊस पडायच्या आत ते संपवायचं असतं, आणि भट्टीपासून जितकं लांब नेलं तितकी त्याची गंमत कमी होते. सुरेचं, म्हणजे माडीचं, आयुष्य तर त्याहून तोकडं. सकाळी माडावरून उतरवलेली सूर गोड, दुपार कलली की आंबूस, आणि तशीच ठेवली तर तिचं व्हिनेगर होतं, ज्यावर इथल्या कित्येक स्वयंपाकघरांची भिस्त आहे. हुर्राक श्रेष्ठ की फेणी, असा वाद इथे कुणी घालत नाही. एक हंगामात प्यायचं, एक कपाटात ठेवायचं. घरची बीअर मला हुर्राकाच्या जातीची वाटते.

बीअर करायला मी शिकले ती मावसभावाकडून. तो स्विंडनला असतो, जिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. इंग्लंडमध्ये घरी बीअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे साहित्याची दुकानं आहेत आणि शेजारीपाजारी विचारायला माणसंही. आपल्याकडे मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. घरी काय आणि किती करता येतं हे ज्याने त्याने आपल्या राज्याच्या अबकारी खात्याकडून आधी समजून घ्यावं. परवान्याशिवाय विकणं आणि भट्टीवर गाळणं या दोन गोष्टींच्या वाटेला तर जाऊच नये. गाळण्यात आगीचा आणि विषबाधेचाही धोका असतो, बीअरला त्याची गरजच नसते. बीअर फक्त आंबते.

तर भाऊ सुट्टीवर आला तेव्हा द्रवाची घनता मोजायचा हायड्रोमीटर, बाटल्यांना बूच ठोकायचं यंत्र आणि यीस्टची पाकिटं घेऊन आला. कृती त्याला तोंडपाठ होती. मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे माल्ट, भरडून 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. धान्यातलेच एन्झाइम पिठुळ भागाची साखर करतात. मग ते गोड पाणी निथळून घ्यायचं, तासभर उकळायचं, उकळताना हॉप्स टाकायचे, गार करायचं, यीस्ट घालायचं. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात स्विंडनसारखंच पार पडलं, फक्त गार करण्यापाशी गाडं अडलं. तिकडे नळाचं पाणी थंडगार असतं. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून ते फिरवलं की उकळतं भांडं बघता बघता 20 अंशांवर येतं. आमच्या विहिरीचं पाणीच उन्हाळ्यात 28 अंशांच्या आसपास. त्याने कितीही वेळ घालवला तरी भांडं तिशीच्या खाली उतरत नाही.

आणि तापमान हा बीअरमध्ये बारीकसारीक मुद्दा नव्हे. एल जातीच्या, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबणाऱ्या, बीअरचं नेहमीचं यीस्ट 18 ते 22 अंशांत नीट वागतं. आंबताना उष्णता सुटते, म्हणजे खोलीत 30 असेल तर पिंपात त्याहून वर. अशा गरमीत ते यीस्ट घाईला येतं आणि जड जातीची अल्कोहोलं तयार करतं. वास नेलपॉलिश काढायच्या द्रवाकडे झुकतो, घशात जळजळ होते. घरच्या बीअरला नाकं मुरडणाऱ्यांनी बहुधा अशीच एखादी चाखलेली असते आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. लागरचं यीस्ट आणखी नाजूक. त्याला आंबायला 8 ते 13 अंश लागतात, नंतर कित्येक आठवडे शून्याच्या जवळपास मुरावं लागतं. बर्फाच्या टबात पिंप ठेवून, ओली फडकी गुंडाळून, पंखे लावून काही अंश खाली येतात. एक जुना फ्रिज आणि त्याला जोडलेला तापमान नियंत्रक याहून खात्रीचं. पण पावसाळ्यात वीज गेली की तोही निमूट उभा.

या अडचणीवरचा सगळ्यात सुंदर तोडगा मला गार मुलखातून मिळाला. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं एक यीस्ट आहे, क्वाइक. लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ते पुढच्या खेपेसाठी जपून ठेवत, शेजाऱ्याला देत. हे यीस्ट 35 ते 40 अंशांतही बिघडत नाही, उलट त्या उबेत ते तीन-चार दिवसांत काम उरकतं. वॉस भागातल्या क्वाइकला संत्र्याच्या सालीचा मंद वास असतो. आता ते कोरड्या पाकिटात मिळतं. म्हणजे जिथे आमच्या विहिरीचं पाणी हात टेकतं, तिथूनच हे यीस्ट सुरू होतं. मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, पिंपाच्या झाकणातून त्याचा तो अखंड बुडबुड आवाज ऐकणं हे मला फार समाधानाचं वाटतं. थंडीत राहणाऱ्या लोकांनी सांभाळलेली वस्तू आपल्याच हवेत इतकी रमावी, यात काहीतरी विलक्षण आहे.

मात्र तुलना करायची तर मी गव्हाची बीअर पुढे करते. जर्मन वळणाची, अर्ध्याहून जास्त गव्हाचं माल्ट, उरलेलं जवाचं. वीस लिटरला साधारण साडेचार किलो धान्य. ती करताना एक क्षण मला दर वेळी थांबवतो. धान्य गरम पाण्यात पडून तास होत आला की मी एका पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी घेते आणि त्यात टिंचर आयोडीनचा थेंब सोडते. पिठुळ भाग शिल्लक असेल तर थेंब काळानिळा होतो. साखर झाली असेल तर तसाच तांबूस राहतो, बशीत नुसता पसरतो. तोपर्यंत जे पाणी ढवळलेल्या पेजेसारखं गढूळ होतं, ते आता चमच्यावर चिकट लागतं, चाटलं तर गोड. कुणी साखर घातलेली नसते. धान्यानेच ती केलेली असते, रुजायची तयारी म्हणून, आणि आपण मध्येच ती मागून घेतलेली असते.

या बीअरचं यीस्ट गंधाच्या बाबतीत उदार. थोडं उबेत आंबवलं तर केळ्याचा वास जास्त, 17-18 अंशांत ठेवलं तर लवंगेचा. केळ्याचा वास आणणारं रसायन आयसोअमाइल अॅसिटेट, आणि ते दिवसागणिक विरत जातं. घरी बाटल्या भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालायची, दोनेक आठवडे ठेवायच्या, बाटलीतच वायू धरतो, मग फ्रिजमध्ये. पहिल्या महिन्यात ही बीअर जशी लागते तशी नंतर लागत नाही. कंपनीच्या कॅनमधली गव्हाची बीअर तुमच्या हातात येईतो तिने किती आठवडे कुठे काढले हे बहुधा तुम्हाला ठाऊकही नसतं.

आमच्या शेजारी एक काका आहेत. त्यांच्या घरात काजूची भट्टी चालत आली आहे. हुर्राक किती ग्रावांचं, म्हणजे किती कडक, आहे हे मोजायचं काचेचं साधन त्यांच्याकडे असतं, पण ते आधी थोडं तळहातावर चोळून हुंगतात आणि मग साधन बुडवून आपला अंदाज पडताळतात. बीअर हे काही त्यांचं पेय नाही. म्हणूनच मी त्यांना विचारायचं ठरवलं. ब्रुअऱ्यांत एक चाचणी करतात: तीन ग्लास, त्यांतले दोन एकाच बीअरचे, एक वेगळा, आणि चाखणाऱ्याने वेगळा ओळखायचा. मी दोन ग्लासांत दुकानातली गव्हाची बीअर ओतली, एकात घरची. थंडपणा सारखा राहील हे बघितलं आणि ग्लास व्हरांड्यात त्यांच्यासमोर मांडले.

काकांनी घोट नंतर घेतला. आधी तिन्ही ग्लास एकेक करून नाकाशी धरले, मधला परत धरला.

“हो ताजो,” म्हणजे हा ताजा, असं ते म्हणाले. मधला घरचाच होता.

“वास कसला येतो, काका?”

“रसबाळी केळ्यांचा. घडातलं पहिलं केळं पिकतं ना, तसा. त्या दोघांनाही आहे, पण त्यांचा वास दमलाय.” मग घोट घेतला, मान डोलावली, आणि ग्लास खाली ठेवून त्यांनी मला जे विचारलं त्याने माझ्या विचारांना वेगळंच वळण लागलं. “बाय, फुडल्या फावटीं अशीच जातली?”

पुढच्या वेळी अशीच होईल का? भट्टीवर आयुष्य गेलेला माणूसच हा प्रश्न विचारू जाणे. मी त्यांना खरं ते सांगितलं: जवळपास होईल, अशीच होईल असं नाही.

कंपनीच्या बीअरचं मोठेपण मला या प्रश्नात दिसतं. जव दर हंगामाला वेगळं येतं. हॉप्सचा कडवटपणा दर पिकाला कमीजास्त असतो, आणि पाकिटात पडून राहिले तरी तो उतरतो. यीस्ट पिढी बदलतं तसं वागणं बदलतं. एवढं सगळं हलत असताना मार्चमधला कॅन आणि नोव्हेंबरमधला कॅन एकसारखा लागावा यासाठी प्रयोगशाळेत यीस्टच्या पेशी मोजाव्या लागतात, वेगवेगळ्या खेपा चाखाव्या लागतात, प्रमाणं पुन्हा पुन्हा जुळवावी लागतात. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तिथून हा भरवसा शक्य झाला. घरच्या बीअरची कितीही ओढ असली तरी हे काम मी कमी लेखणार नाही. दर वेळी तेच आणि तितकंच चांगलं देता येणं ही मोठी कारागिरी आहे, आणि छोट्या क्राफ्ट ब्रुअरीला ती मोठ्या कारखान्यापेक्षा महाग पडते.

लागरमध्ये तर ही कारागिरी उघडी पडते. फिकट लागरमध्ये लपायला जागाच नसते, ना हॉप्सचा गडद वास, ना मसाला, ना यीस्टची फळं. जरा चूक झाली की मक्याचा किंवा लोण्याचा वास वर येतो. गोव्यात वाढलेल्या माझ्या पिढीला छोट्या बाटलीतली किंग्ज आठवते, साधी पिल्सनर जातीची फिकट लागर, तळलेल्या मासळीबरोबर तिच्यासारखं दुसरं काही नसे. पाणी म्हणाल तर आमचं जांभ्यातून झिरपलेलं मऊ पाणी पिल्सनरला अगदी योग्य. चेक देशातल्या पिल्झेनमध्ये 1842 साली पहिली पिल्सनर झाली ती तिथल्या अशाच मऊ पाण्यामुळे खुलली. पण पाणी असून उपयोग काय, डिचोलीत दोन महिने फ्रिज त्या एकाच कामाला जुंपावा लागेल. लागर मी विकत घेते आणि आनंदाने घेते.

आयपीएचं दुखणं वेगळं. तिचा जीव हॉप्सच्या वासात, आणि त्या वासाचा वैरी ऑक्सिजन. घरी नळीने बाटल्या भरताना हवा थोडी तरी आत जातेच. बाटलीतलं यीस्ट त्यातली काही संपवतं, पण सगळी नाही. काही आठवड्यांत सोनेरी रंग तपकिरीकडे झुकतो, आंब्या-संत्र्याचा वास जातो आणि ओल्या पुठ्ठ्याचा येतो. ब्रुअरीत कॅन भरण्याआधी त्यातली हवा कार्बन डायऑक्साइडने हुसकावतात आणि बीअरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन अब्जांश भागांत मोजतात. कॅनमध्ये उजेडही शिरत नाही. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए (हणजूणला राहून गेलेल्या, 2010 मध्ये वारलेल्या अमेरिकन हिप्पीच्या नावाची) मला ताजी मिळाली की मी घरच्या आयपीएचा विचारही करत नाही.

ताजी मिळाली की. सगळं घोडं इथे पेंड खातं. बीअर धंद्यात एक ठोकताळा वापरतात: 32 अंशांत तीन दिवस ठेवलेली बीअर, 22 अंशांत तीस दिवस ठेवलेली आणि 3 अंशांत तीनशे दिवस ठेवलेली, या तिन्ही साधारण सारख्याच शिळ्या होतात. हा ठोकताळा गोव्याच्या अंगणात आणून बघा. 32 अंश म्हणजे आपल्याकडे साधी दुपार. ब्रुअरीने महिनाभर जिवापाड जपलेली बीअर टेंपोत, गोदामात, दुकानाच्या मागच्या खोलीत एका आठवड्यात म्हातारी होते आणि शेवटी फ्रिजमध्ये ठेवून थंड केली की तिचं वय दिसत नाही. पिणारा म्हणतो, क्राफ्ट बीअर म्हणे, काही खास नाही. त्याने ब्रुअरीची बीअर प्यायलेलीच नसते, गोदामातल्या उकाड्याची प्यायलेली असते. याचा मला मनापासून राग येतो. ज्या माणसाने पहाटे उठून ते धान्य भिजवलं त्याच्यावर हा अन्याय आहे.

गंमत अशी, की आयपीएच्या नावातच हिंदुस्थान आहे. इंग्रजांची फिकट एल जहाजातून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून इथे यायची आणि जास्तीच्या हॉप्समुळे त्या प्रवासात तग धरायची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, इंग्रजांच्या त्या पिंपांचा मुख्य ओघ मुंबई-कलकत्त्याकडे. ती बीअर कित्येक महिन्यांच्या प्रवासात मुरून वेगळीच होत असणार. आजची आयपीए म्हणजे ताज्या हॉप्सचा गंध, तिला म्हापशाहून काणकोणपर्यंतचा उन्हातला प्रवासही मानवत नाही.

घरची आणि कंपनीची यांना एकमेकींसमोर उभं करायचा सोसही मला कधीकधी चुकीचा वाटतो, कारण क्राफ्ट बीअर घरातूनच बाहेर पडली. अमेरिकेत घरी बीअर करण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती 1978 मध्ये, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना. त्याच्या आसपास जी छोट्या ब्रुअऱ्यांची लाट उसळली तिच्यात घरी शिकलेली माणसं पुढे होती. सिएरा नेवाडा ही ब्रुअरी सुरू करणारे केन ग्रॉसमन आधी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बीअरच्या साहित्याचं दुकान चालवायचे. आपल्याकडे पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली आणि माणसांना कळलं की बीअर म्हणजे फक्त स्ट्राँग नव्हे. आमच्याच तालुक्यातल्या लाटंबार्शाचं नाव आता एका ब्रुअरीला आहे आणि तिची ‘माका दी’ गोव्याबाहेरही मिळते. डिचोलीच्या माणसाला याचं कौतुक वाटणारच.

पैशांचं थोडक्यात सांगते. गोव्यात बीअर तशी स्वस्त, त्यामुळे वाचवायच्या हिशेबाने घरी बीअर करायला बसू नये. माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि गॅस धरला तर साध्या बीअरपेक्षा ती महागच पडते. क्राफ्टच्या कॅनपेक्षा स्वस्त पडते, तीही आपल्या वेळेचं मोल धरलं नाही तर.

घरी मिळणारी आणि विकत न मिळणारी गोष्ट दुसरीच आहे. कंपनीला बाजारात आणायच्या प्रत्येक लेबलची अबकारी खात्यात नोंदणी करावी लागते, टाकी भरून खेप काढावी लागते, ती खपवावी लागते. चार माणसांनाच आवडेल अशा बीअरचं तिथे गणित बसत नाही. माझ्याकडे बसतं. बांगड्याच्या उडदमेथीत आम्ही तिरफळं घालतो, आणि त्यांचा तो लिंबासारखा, जिभेला झिणझिण्या आणणारा वास मला बीअरमध्ये हवा होता. बेल्जियमच्या शेतांवरची सेजाँ ही बीअर उबेत आंबते, मिरीसारखी तिखटसर लागते, कोरडी उतरते. तिच्यात उकळी संपता संपता मूठभर सुकी तिरफळं, बिया काढून, नुसती टरफलं टाकली. आईने चाखली आणि म्हणाली, “हिला मासळी हवी.” तिने बीअरबद्दल याहून जास्त कधी काही म्हटलेलं नाही. त्या रात्री बांगडे तळले गेले. अशी बीअर दुकानात मिळाली तर मी घेईन का? घेईन. पण ती तिरफळं ताजी वाळलेली असतील तोवरच तिच्यात मजा आहे, सहा महिन्यांच्या कॅनमध्ये काय उरेल कोण जाणे.

सध्या माझं डोकं सुरेने व्यापलं आहे. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पाव सुरेने फुगवत, इडलीसारखी सान्नां अजूनही कित्येक घरांत तिनेच जाळीदार होतात. म्हणजे माडावर आपलं स्वतःचं यीस्ट आहेच. मग बीअर तिनेच का आंबवू नये? अडचण अशी, की सुरेत यीस्ट एकटं नसतं. दुधाचं दही करणाऱ्यांच्या कुळातले जिवाणू असतात, व्हिनेगर करणारे असतात, आणि झायमोमोनास नावाचा एक जिवाणू असतो जो साखरेची दारू करण्यात यीस्टलाही मागे टाकतो. पण माल्टच्या गोड पाण्यात मुख्य साखर असते ती माल्टोज, आणि झायमोमोनासला माल्टोज पचत नाही. सुरेतल्या यीस्टांपैकी ज्याला पचतं त्याला तिथे रान मोकळं मिळतं. आंबट करणाऱ्या दह्याच्या भाऊबंदांना हॉप्सचा कडूपणा रोखतो. व्हिनेगरवाल्यांना हवा लागते, ती झाकणाने बंद होते. पाण्यात काय आणि किती हॉप्स घालायचे एवढ्यावर ही जत्रा आपल्याला हवी तशी हाकता येते, असं कागदावर तरी दिसतं.

मी ते दोन बरण्यांत करून पाहिलं. बार्देशातल्या एका रेंदेराकडून, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याकडून, सकाळची सूर आणली आणि दोन्हींत सारखी घातली. एकीत हॉप्स नावाला, दुसरीत बरेच. पहिली बरणी तिसऱ्या दिवसापर्यंत कोकमाच्या सारासारखी आंबट झाली, गढूळ, पण स्वच्छ वासाची. दुसरी हळू आंबली, तिला फेस कमी आला, आणि चवीला ती बीअरच होती, मागे माडाच्या पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याचा, हिरवट वास घेऊन. तिचा गाळ मी फ्रिजमध्ये राखून ठेवला आहे. पण त्यावर विसंबून राहण्यापेक्षा पुन्हा ताज्या सुरेपासून सुरुवात करून बघायची आहे, म्हणजे तीच चव परत येते का ते कळेल. रेंदेराला सांगून ठेवलं आहे. माडावर चढायला माणसं कमी होत चालली आहेत, त्याचा मुलगा हे काम करणार नाही, त्यामुळे पाऊस उघडल्यावर तो जो दिवस देईल त्या दिवशी माल्ट भरडून तयार ठेवायचं आणि सकाळी सातच्या आत त्याच्या बागेत पोचायचं, कारण नऊनंतरची सूर घेऊन काही उपयोग नाही असं त्याने मला बजावलं आहे.